माफी मागायला शिकताना: मुद्दा ठेवा, हट्ट सोडा

नागपुरात भांडण मिटवायची एक सोपी रीत आहे. चार-आठ दिवस अबोला राहतो. मग एके सकाळी फोन येतो, "काय करून राहिला बे? चाल, पोहे खाऊ." ठेल्यावर तर्री, चणे, कांदा, लिंबू. दुसरी प्लेट संपेस्तोवर गप्पा रंगतात, पैसे कोणी द्यायचे यावरून थोडी ओढाताण होते आणि विषय मिटतो. माफीचं नाव कोणी काढत नाही. काढलंच तर समोरचा म्हणतो, "जाऊ दे ना बाप्पा, मी केव्हाच विसरलो."

दोस्तांच्या बारीकसारीक कुरबुरींना ही रीत पुरते, आणि पुरते तिथं ती खुशाल वापरावी. अडचण मोठ्या भांडणांत येते. वाटणीवरून दोन भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. सासू-सुना एकाच ओट्यावर पाठमोऱ्या स्वयंपाक करतात. शेजारी जिन्यात समोरासमोर आले की एकाला एकदम मोबाइल आठवतो. तिथं पोह्यांनी भागत नाही. कोणीतरी तोंड उघडून 'मी हे केलं, ते वाईट केलं' असं म्हणावं लागतं. ज्यांना हे आजवर जमलं नाही आणि आता जमवायचं आहे, त्यांच्यासाठी या पायऱ्या.

उदाहरणाला एकच भांडण घेऊ. ते रचलेलं आहे, पण नागपूरकरांना आपल्याच बिल्डिंगमधलं वाटेल. एप्रिल महिना. वरच्या मजल्यावरच्या भाऊंनी कूलरच्या टाकीत पाइप सोडला, नळ सुरू केला आणि आंघोळीला गेले. टाकी भरून वाहिली. खाली अंगणात काकूंनी बाजेवर जुनी साडी अंथरून कुरड्या घातल्या होत्या, त्यांचा लगदा झाला. काकू तणतणत वर आल्या. भाऊंचाही आवाज चढला. "अंगण काही तुमच्या एकट्यांचं नाही काकू. गाडी काढायला जागा नाही ठेवत तुम्ही. अन् दोन कुरड्यांसाठी एवढा तमाशा?" तेव्हापासून बोलणं बंद.

पहिली पायरी: मुद्दा आणि वागणूक वेगळी करा

माझ्या मते माफी अडते ती इथेच. भाऊंना वाटतं, माफी मागितली तर अंगणाचा हक्क सोडल्यासारखं होईल. त्यांचा मुद्दा चुकीचाही नाही. अंगण सगळ्यांचं आहे आणि बाजेमुळे गाडी अडते, हे खरं आहे. पण माफी मुद्द्याची मागायचीच नसते. ती वागणुकीची मागायची असते. मुद्दा शंभर टक्के तुमच्या बाजूनं असला तरी तो मांडताना तुम्ही कोणाच्या मेहनतीला लाथ मारलेली असू शकते. 'आधी कोण बरोबर ते ठरू दे, मग बघू' म्हणणारे लोक वर्षानुवर्षं तिथेच बसून राहतात, कारण ते काही ठरत नाही.

एक कागद घ्या. मधोमध रेघ मारा. डावीकडे मुद्दा लिहा: अंगण सामायिक आहे, गाड्यांना वाट हवी. उजवीकडे फक्त तुम्ही केलेल्या गोष्टी, आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता 'मी'. मी नळ सुरू ठेवून आंघोळीला गेलो. नुकसान झालं कळल्यावरही मी खाली बघायला गेलो नाही. मी वयानं मोठ्या बाईवर सगळ्यांसमोर आवाज चढवला. मी तिच्या कामाला 'दोन कुरड्या' म्हटलं. 'पाणी सांडलं', 'बोलण्याच्या ओघात निघून गेलं' अशी बिनमालकाची वाक्यं उजवीकडे चालत नाहीत.

डाव्या बाजूला हात लावू नका. त्यावर नंतर, वेगळ्या दिवशी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलता येईल. उजव्या बाजूची माफी मागायची.

आता कोणी म्हणेल, चूक तर त्यांचीच जास्त. असेल. सोळा आण्यांतली दहा आणे त्यांची असेल. तुमच्या सहा आण्यांची माफी मागायला त्यांच्या दहा आण्यांचा हिशोब आधी व्हावा लागत नाही.

दुसरी पायरी: हट्ट ओळखा

हट्टी माणसाला लोक फार चटकन 'अहंकारी' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. माफी नाकारण्यात खरोखरच काहीतरी मिळतं, म्हणून माणूस ती नाकारतो. टायलर ओकिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं: माफी मागायला नकार देणाऱ्यांना आपल्या हाती सूत्रं आहेत असं वाटलं, आपण आपल्या तत्त्वाला धरून आहोत असं वाटलं, स्वतःबद्दलचा मानही वाढलेला दिसला. हा नफा रोख मिळतो. तोटा मात्र उधारीवर असतो. तो पुढे दिवाळीत कळतो, खालच्या घरून फराळाचं ताट येत नाही तेव्हा.

दुसरी गोष्ट लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं 1957 साली मांडली. मनात दोन न जुळणाऱ्या गोष्टी असल्या की माणूस बेचैन होतो आणि त्यातली एक वाकवतो. 'मी सज्जन माणूस आहे' आणि 'मी काकूंशी वाईट वागलो' ही अशीच न जुळणारी जोडी. पहिली कोणाला सोडवत नाही, मग दुसरी वाकवायची. बाजभर कुरड्यांच्या 'दोन कुरड्या' होतात त्या अशा. भाऊ खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच दोन दिसू लागलेल्या असतात.

हट्ट चढला आहे हे कशावरून ओळखायचं? डोक्यात ठरावीक वाक्यं फिरू लागतात. "मी काहून वाकू?" "आधी त्यांनी बोलावं, सुरुवात त्यांनी केली." "आता इतके दिवस झाले, कशाला उकरायचं." गाडी चालवता चालवता तुम्ही मनातल्या मनात भांडण पुन्हा भांडता आणि दर वेळी जिंकता. ऑफिसात, साळ्याला, पानठेल्यावर किस्सा सांगताना तुमचं वाक्य अधिकाधिक झणझणीत होत जातं आणि समोरच्याचं अधिकाधिक मूर्खपणाचं. हे शेवटचं लक्षण अगदी पक्कं.

यावर एक सराव आहे. करायला अवघड वाटतो, पण दुसरा कुठलाही इतका उपयोगी पडताना मी पाहिला नाही. तोच किस्सा एकदा, एकट्यानं, मोठ्यानं, समोरच्याच्या तोंडून सांगायचा. भाऊंनी काकू होऊन सांगायचा. "मी तीन दिवस गहू भिजत घातले, रोज पाणी बदललं. वाटून चीक काढला, रात्रभर निवू दिला. ऊन चढायच्या आत घालायच्या म्हणून पहाटे उठून चीक शिजवला. गुठळी होऊ नये म्हणून हात थांबवता येत नाही, खांदा भरून येतो. गरम असतानाच सोऱ्यातून घालाव्या लागतात, चटके बसतात. गुडघे दुखतात म्हणून औंदा सून म्हणाली, विकतच्या आणू. मीच नाही म्हटलं. अन् वरचा म्हणतो, दोन कुरड्या." इथवर येईस्तोवर बहुतेक हट्टातली हवा गेलेली असते. नसेल गेली, तर अजून माफी मागायला जाऊ नका. अर्ध्या मनानं मागितलेली माफी भांडणाला नवा मुद्दा पुरवते.

तिसरी पायरी: वेळ

साधा नियम आहे. पायावर पाय पडला, गाडीला गाडी घासली, चहा सांडला, तर माफी त्या क्षणी. शब्दांनी लागलं असेल तर थोडं थांबा. सिंथिया फ्रांट्झ आणि कोर्टनी बेनिग्सन यांच्या 2005 सालच्या संशोधनात, भांडणानंतर जरा उशिरा आलेली माफी लगेच आलेल्या माफीपेक्षा जास्त समाधान देणारी ठरली. कारण असं की मधल्या वेळात दुखावलेल्याला आपलं म्हणणं मांडता आलं, ते समोरच्याला कळलं असं वाटलं. तोंडावर फेकलेली घाईची माफी पुष्कळदा 'आता गप बसा' याच अर्थानं पोचते.

थांबायचं म्हणजे किती? राग उतरेपर्यंत, एक-दोन दिवस. त्यापुढे थांबलात तर टाळाटाळ सुरू झाली असं समजा. आणि एक अगदी स्थानिक सल्ला. मे महिन्यात, त्यातून नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, भर दुपारी कोणाच्या दारी असल्या कामाला जाऊ नये. पारा 45 च्या आसपास असतो, लाइट गेलेली असते आणि माणसं नुसत्या बेलच्या आवाजानंही चिडतात. संध्याकाळी सडा टाकून अंगण जरा निवलं की जा.

सणाची वाट बघावी का, असं पुष्कळ जण विचारतात. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन जाता येतं, संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाता येतं, बंद दार उघडायला हे दिवस चांगलेच. पण सोनं हातात ठेवून, पाया पडून निघून आलात तर दार फक्त उघडलं, बोलायचं ते राहिलंच. इतवारीतल्या जैन कुटुंबांकडे बघा. भाद्रपदात संवत्सरीला, क्षमावाणीला हात जोडून एकमेकांची क्षमा मागायची त्यांच्याकडे रीत आहे. त्या रीतीत बळ आहे ते प्रत्यक्ष समोर उभं राहण्याचं. शंभर जणांना एकच मेसेज फॉरवर्ड करणाऱ्याला ते कुठून मिळणार? आपला मारबतीचा दिवस तर उलटाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा गावाबाहेर नेऊन जाळायची ही नागपूरची खास प्रथा मला फार आवडते, मिरवणुकीतल्या बडग्यांवरच्या, म्हणजे पुतळ्यांवरच्या, पाट्या वाचायला तर मी हटकून जातो. पण स्वतःचा बडग्या काढलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

चौथी पायरी: आधी ऐकायला जा

दारात उभं राहून भाषण सुरू करू नका. "काकू, त्या दिवशीचं बोलायचं होतं. आता वेळ आहे का, की रात्री येऊ?" एवढंच. नाही म्हणाल्या तर परत या, पुन्हा विचारा.

आत बसल्यावर बहुधा काय होतं ते सांगून ठेवतो, म्हणजे गांगरायला होणार नाही. काकू कुरड्यांपासून सुरुवात करतील आणि मग दोन वर्षांपूर्वीची फटाक्यांची रात्र, तुमच्या पोराच्या बुलेटचा आवाज, जिन्यातला कचरा, तुमच्या बायकोनं एकदा हळदीकुंकवाला न बोलावणं, सगळं येईल. यातलं निम्मं तुम्हाला खोटं वाटेल. उत्तर द्यायचं नाही. एकाही गोष्टीचं उत्तर दिलंत की तुम्ही पुन्हा डाव्या रकान्यात गेलात. फार तर इतकंच बोला: "हो." "हे मला माहीत नव्हतं." "आणखी काय लागलं तुम्हाला?" तिसरं वाक्य विचारायला छाती लागते. पण खरं दुखणं त्याच वाक्याला बाहेर येतं. इथं कळेल की लगद्याचं काकूंना तितकं काही वाटलेलं नाही, पाणी काय, कोणाचंही सांडतं. लागलं ते 'दोन'.

पाचवी पायरी: वाक्यं

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी 2016 साली माफीचे सहा भाग पाडून कोणता किती कामाचा ते तपासलं. खेद व्यक्त करणं, काय बिघडलं याचा खुलासा, जबाबदारी घेणं, पुन्हा होणार नाही असं सांगणं, भरपाई देऊ करणं, आणि क्षमा करा अशी विनंती. सर्वांत वजनदार निघाली जबाबदारी, म्हणजे चूक माझी आहे असं सरळ म्हणणं. तिच्या खालोखाल भरपाई. सर्वांत हलकी निघाली क्षमेची विनंती. त्यांचं उदाहरण नोकरीच्या मुलाखतीचं होतं, तेव्हा ते कुरड्यांना जसंच्या तसं चिकटवू नये. तरी आपल्याकडे नेमकं उलट चालतं हे बघण्यासारखं आहे. 'माफ करून टाका ना आता' हेच आपण सगळ्यात आधी म्हणतो आणि बाकीचे पाच भाग समोरच्यानं समजून घ्यावेत अशी अपेक्षा धरतो.

भाऊंची माफी साधारण अशी होईल:

"काकू, नळ सुरू ठेवून मी आंघोळीला गेलो. ती चूक माझी. तुम्ही वर आल्यावर मी खाली येऊन बघायला हवं होतं, ते सोडून मी तुमच्यावर ओरडलो, सगळ्यांसमोर. आणि तुमच्या चार दिवसांच्या मेहनतीला दोन कुरड्या म्हटलं. ते फार वाईट बोललो मी. मला त्याची लाज वाटते. कूलरला मी आता फ्लोट बसवून घेतो, पाणी पुन्हा खाली येणार नाही."

आणि थांबायचं. इथली शांतता फार जड असते आणि नवशिके ती भरायला जातात. "पण काकू, अंगणाचं मात्र..." संपलं. त्या 'पण'नं आधीची सगळी वाक्यं पुसली.

बिघडलेल्या माफीचे नमुने ओळखून ठेवा. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" यात माझं काही चुकलं हे कबूलच केलेलं नाही, उलट काकूच हळव्या ठरल्या. "चुकून झालं हो" हा खुलासा आहे, तो एकटा आला तर पळवाट. "मी किती वाईट आहे, मी कोणाच्याच लायकीचा नाही" अशी छाती बडवली की बिचाऱ्या दुखावलेल्या माणसालाच तुमचं सांत्वन करावं लागतं. "मागितली ना माफी, आता काय पाय धरू?" यावर बोलण्यासारखं काही नाही. आणि आपल्याकडची खास गोष्ट: हसत हसत, खांद्यावर थाप मारून, "काय काकू, अजून रागातच का?" हे फार गोड वाटतं, चालूनही जातं. मात्र काकूंना राग गिळावा लागतो तो लागतोच.

सहावी पायरी: भरपाई

नुकसान ज्या जातीचं, भरपाई त्याच जातीची. कुरड्यांचं पाकीट दुकानातून आणून दिलं तर काकू म्हणतील, ठेव तुझ्याजवळच. त्यांचा गेला तो वेळ आणि खांद्याची ताकद. तेव्हा गहू आणून द्यावे, आणि पहाटे चीक ढवळायला हजर व्हावं. पुरुष माणूस चीक ढवळायला बसलेला पाहून काकू आधी हसतील, मग शिकवतील, गुठळी झाली की ओरडतील. त्या ओरडण्यात काय बरं वाटतं ते अनुभवणाऱ्यालाच माहीत.

पैशाचं नुकसान असेल तर रक्कम मोजून द्या, मोघम 'बघू आपण' नको. कोणाची बदनामी केली असेल तर जिथं जिथं बोललात तिथं जाऊन ते दुरुस्त करा. ही सगळ्यात कडू भरपाई आणि म्हणूनच ती सहसा कोणी करत नाही.

फ्लोटचं विसरू नका. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, प्लंबर न बोलावताही होतं. माफीच्या दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा पाणी खाली आलं तर नंतर कितीही चांगली वाक्यं आणा, उपयोग नाही.

कुठं मागायची

अपमान चारचौघांत झाला तर माफीही चारचौघांत. घरात आधी एकांतात, मग ज्यांच्यासमोर आवाज चढवला त्यांच्यासमोर एक ओळ. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाला बोलला असाल तर ग्रुपवरच लिहा, दोन वाक्यं, हात जोडल्याचं चित्र न टाकता. उलट भांडण दोघांतच झालं असेल तर ग्रुपवर माफी जाहीर करून शाबासकी गोळा करू नका. लिहून मागायची तर लांब राहणाऱ्यांची किंवा फोन न उचलणाऱ्यांची. एरवी समोर जा. मेसेजला आवाज नसतो आणि रागावलेला माणूस तो स्वतःच्या रागाच्या आवाजात वाचतो.

मोठ्यांनी लहानांची

आपल्या घरांत माफी खालून वर जाते. लहान मोठ्यांच्या पाया पडतात, प्रकरण संपतं. वरून खाली यायची वेळ आली की बाप पोराच्या खोलीशी घुटमळतो आणि विचारतो, "जेवला का?" आई संत्रा बर्फीचा तुकडा टेबलावर ठेवून जाते. सासरे सुनेला उद्देशून भिंतीला सांगतात की आजची पाटोडी बरी झाली होती. यात माया आहे, खोटेपणा अजिबात नाही. पोरांनाही ते कळतं. फक्त काय चुकलं होतं हे त्यात कधीच उच्चारलं जात नाही, म्हणून पोरगा ती गोष्ट चाळिशीतही बायकोला सांगत बसतो: दहावीच्या निकालाच्या दिवशी बाबा सगळ्यांसमोर असं असं म्हणाले होते.

बापाचा मान कमी होईल ही भीती मी पुष्कळ घरांत ऐकली आहे. माफी मागितल्यानं मान गेलेला बाप मात्र मला भेटलेला नाही. वाक्य लहान ठेवा. "काल पाहुण्यांसमोर मी तुला ढ म्हटलं. ते चुकलं माझं. पुन्हा नाही म्हणणार." पुढे "पण तू पण अभ्यास कर" जोडू नका, ते उद्या वेगळं सांगा. पोरगं "ठीक आहे" म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालेल. घालू द्या.

पुरुषांना माफी जमत नाही असा एक समज आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या करीना शुमान आणि मायकेल रॉस यांनी 2010 साली लोकांच्या रोजच्या नोंदींवरून तो तपासला. बायका माफी जास्त वेळा मागतात हे खरं निघालं. पण आपलं चुकलं हे एकदा वाटलं की पुरुषही त्याच प्रमाणात माफी मागतात असंही निघालं. फरक एवढाच की पुरुषांना मुळात कमी गोष्टी चुकीच्या वाटतात. तेव्हा घरातल्या पुरुषांनी अहंकारावर उपाय शोधत बसण्यापेक्षा अधूनमधून नुसतं विचारावं, "माझं काही लागलं का तुला?" उत्तर ऐकायची तयारी असेल तरच.

उत्तर आलं नाही तर

माफी मागितली म्हणजे ती मिळायलाच हवी असं नाही. न्यायालयाच्या अवमानाच्या 1971 च्या कायद्यातसुद्धा माफीवर शिक्षा सोडायची तर त्या माफीनं न्यायालयाचं समाधान व्हावं लागतं. समाधान झालं की नाही हे माफी मागणारा ठरवत नाही. काकूंचंही तसंच. त्या "बरं" म्हणून दार लावतील. महिनाभर जिन्यात मान वळवतील. रोज जाऊन "अजून राग आहे का?" विचारणं हा त्यांच्यावर नवा त्रास आहे. एकदा नीट मागा, भरपाई पुरी करा आणि मग आपण होऊन बोलण्यापुरते हजर राहा: पाण्याचा टँकर आला की हाक मारा, जड सिलिंडर वर चढवून द्या. याच्या बदल्यात काही मागू नका.

अंगणाचा मुद्दा आता काढता येतो. आणि गंमत अशी की माफीनंतर तो पुष्कळदा सहज सुटतो, बाज दोन हात भिंतीकडे सरकते.

कुठं मागू नये

जो तुम्हाला मारतो, धमकावतो, त्याची 'घरात शांतता राहावी' म्हणून माफी मागत राहणं हे या लेखातलं काम नाही. तिथं हट्ट सोडायचा तो मारणाऱ्यानं. तातडीची मदत लागली तर 112, महिलांसाठी 181. मारणारा दर वेळी रडून माफी मागत असेल आणि पुन्हा मारत असेल, तर त्याच्या वाक्यांकडे बघू नका, नंतरच्या महिन्यांतल्या वागण्याकडे बघा.

दुसऱ्याची चूक केवळ तुम्ही धाकटे किंवा सून म्हणून अंगावर घेऊ नका. 'घे ना मागून, तुझं काय जातं' असं सांगणारे पुष्कळ असतात. न केलेल्या गोष्टीची माफी एकदा मागितली की ती केलीच होती असं धरलं जातं.

अपघात झाला असेल तर आधी जखमीला दवाखान्यात न्या. ते चालकाचं कायद्यानं ठरवलेलं कर्तव्य आहे. विचारपूस करा, काळजी दाखवा. पण प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात गेलं असेल तर लेखी कबुली देण्याआधी वकिलाशी बोला, कारण तुमचे शब्द पुरावा म्हणून वापरले जाऊ शकतात. वाटणीची, नवरा-बायकोची भांडणं कोर्टाच्या दारात पोचली असतील तर मध्यस्थीची सोय मागून घ्या. नागपूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याची चौकशी करता येते. मध्यस्थासमोर झालेलं बोलणं सहसा गोपनीय ठेवलं जातं. त्यामुळे एरवी वकिलाच्या भीतीनं ओठांवर अडलेलं "माझं चुकलं" तिथं म्हणता येतं, आणि कागदाची उजवी बाजू तिथं सोबत नेलेली बरी.